‘पेट साउंड्स’: एकाच सीडीवर मोनो आणि स्टिरिओ

द बीच बॉइज या अमेरिकी बँडचा ‘पेट साउंड्स’ हा अल्बम कॅपिटल कंपनीने १६ मे १९६६ रोजी प्रकाशित केला. त्यानंतर तो इतक्या वेगवेगळ्या रूपांत बाजारात आला आहे की, आज तो नव्याने घेणाऱ्याने नेमकी कोणती आवृत्ती निवडावी, हा प्रश्न खरोखरच पडतो. येथे परीक्षणासाठी घेतलेल्या सीडीवर मूळचे मोनो (सगळा ध्वनी एकाच वाहिनीत) आणि पुढे तीस वर्षांनी तयार झालेले स्टिरिओ (ध्वनी डाव्या-उजव्या वाहिन्यांत विभागलेला), अशी दोन्ही मिश्रणे एकापाठोपाठ दिली आहेत. तेरा रचनांचा हा अल्बम जेमतेम ३६ मिनिटांचा असल्याने दोन्ही एकाच तबकडीवर मावतात. या सोयीपेक्षाही मला अधिक मोलाची वाटते ती दुसरी गोष्ट: बीटल्सने बीच बॉइजकडून काय घेतले, हे या दोन मिश्रणांची तुलना करताना कानांनी पडताळून पाहता येते.

या देवाणघेवाणीची सुरुवात बीटल्सच्या डिसेंबर १९६५ मधील ‘रबर सोल’पासून झाली. बीच बॉइजचा संगीतकार ब्रायन विल्सन याने तो ऐकला तेव्हा एकही भरतीचे गाणे नसलेला, सलग एका मनोवस्थेचा अल्बम असू शकतो, ही गोष्ट त्याच्या मनाने घेतली आणि त्याहून सरस काही करायचेच, असे त्याने ठरवले. यातली गंमत अशी की, त्याने ऐकलेला अल्बम बीटल्सने इंग्लंडमध्ये रचलेला नव्हताच. अमेरिकेत कॅपिटलने मूळच्या चौदा गाण्यांपैकी चार वगळली होती, आधीच्या ‘हेल्प!’ या ब्रिटिश अल्बममधली दोन उचलून त्यांत घातली होती आणि सुरुवातीच्या विजेच्या गिटारच्या गाण्याऐवजी अकूस्टिक गिटारचे गाणे आणून ठेवले होते. त्यामुळे तिकडच्या श्रोत्याला तो अल्बम मुळापेक्षा अधिक एकजिनसी आणि हळुवार वाटे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ज्या एकसंधतेने झपाटले, तिचे काही श्रेय कंपनीच्या कात्रीला द्यावे लागते. आणि ही कंपनी अमेरिकेत दोन्ही बँडची होती.

ब्रायनने बीटल्सची नक्कल केली नाही, हे महत्त्वाचे. ‘रबर सोल’ हा प्रामुख्याने चार जणांनी वाजवलेला अल्बम आहे. ‘पेट साउंड्स’वर मात्र बाकीचा बँड जपानच्या दौऱ्यावर असताना, लॉस एंजेलिसच्या व्यावसायिक वादकांकडून बसवून घेतलेला मोठा वाद्यमेळ आहे. फ्रेंच हॉर्न, बेस हार्मोनिका, सायकलची घंटी आणि शेवटी आगगाडी व भुंकणारे कुत्रे, असा तो पसारा. त्याची घडण निर्माता फिल स्पेक्टरच्या ध्वनिमुद्रणांतून आली आहे आणि गीतांचे बहुतेक शब्द टोनी ॲशरने लिहिले आहेत. प्रतिस्पर्ध्याकडून त्याने उंची घेतली, चाल नाही.

सीडीवर आधी मोनो ऐकावे. ब्रायनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे आणि सगळे रंग एकमेकांत मिसळून जे तयार होईल, तेच त्याला हवे होते. तेथे वाद्ये वेगळी ओळखू येत नाहीत, हाच हेतू आहे. त्यानंतर ध्वनिअभियंता मार्क लिनेटने १९९६ मध्ये केलेले आणि पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेले स्टिरिओ मिश्रण लावले की पडदा बाजूला होतो. ‘हिअर टुडे’च्या मोनो रूपात मधल्या वाद्यसंगीतामागे स्टुडिओतील बोलणे ऐकू येते, ते स्टिरिओत नाही. मला ते बोलणे राहिले असते तरी चालले असते.

स्टिरिओचा खरा लाभ बेस गिटारचा आहे. या अल्बममध्ये बेस अनेकदा कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा) मूळ स्वर टाळून दुसऱ्याच स्वरावर उभा राहतो, त्यामुळे ‘गॉड ओन्ली नोज’चा आधारस्वर कोणता, हे ऐकताना ठामपणे ठरवता येत नाही. बीटल्सचा बेसवादक पॉल मॅकार्टनी याने हे बारकाईने ऐकले होते आणि त्याने ते पुढे अनेकदा सांगितलेही. बीच बॉइजच्या ब्रूस जॉन्स्टनने मे १९६६ मध्ये लंडनला जाऊन त्याला आणि बीटल्सच्याच जॉन लेननला हा अल्बम ऐकवला. त्याच वर्षीच्या ‘रिव्हॉल्व्हर’मधल्या ‘हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर’वर त्याची छाया आहे. १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’मध्ये तर मॅकार्टनीने कित्येक गाण्यांचा बेस सर्वांत शेवटी, स्वतंत्रपणे मुद्रित केला आणि त्याला स्वतःची सुरावट दिली. ‘पेट साउंड्स’ नसता तर ‘सार्जंट पेपर’ झाला नसता, असे बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांचे मत होते.

उणिवाही आहेत. बहामा बेटांवरील लोकगीतावर बेतलेले ‘स्लूप जॉन बी’ आधीच गाजले होते, पण येथे ते घुसवल्यासारखे वाटते; ज्या एकसंधतेसाठी हा सारा खटाटोप, ती सातव्या क्रमांकावर तुटते. सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात शेळ्यांना चारा देणाऱ्या बँडचे मुखपृष्ठ आतल्या संगीताशी काहीही बोलत नाही. अमेरिकेत अल्बम दहाव्या क्रमांकापुढे गेला नाही आणि दोन महिन्यांच्या आत कॅपिटलने जुन्या गाण्यांचा संग्रह बाजारात आणून त्याची वाट आणखी अवघड केली. ब्रिटनमध्ये मात्र तो दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला.

ब्रायनचे पुढचे उत्तर ‘स्माइल’ १९६७ मध्ये अर्धवट राहिले. त्यामुळे ही चढाओढ ऐकायची तर या सीडीला ‘रबर सोल’ची अमेरिकी आवृत्ती आणि ‘सार्जंट पेपर’ यांच्यामध्ये ठेवावे. समुद्र, लाटा आणि मोटारींची गाणी हवी असणाऱ्यांनी बँडचे आधीचे अल्बम घ्यावेत. ज्यांच्याकडे चांगली मोनो प्रत आहे, त्यांनी केवळ बेससाठी ही सीडी घेतली तरी हरकत नाही.