सोया वड्या: पाकिटावरचे ५२ आणि ताटातले १३

तेल काढून उरलेल्या सोयाबीनचं पीठ यंत्रात उष्णतेनं आणि दाबानं साच्यातून ढकलतात. बाहेर पडताच दाब सुटतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पीठ फुगतं. वडीची जाळी तिथली.

पाकिटावर १०० ग्रॅममागे ५२ ग्रॅम प्रथिनं लिहिलेली असतात. आकडा खरा, पण कोरड्या वडीचा. भिजवून पिळलेली वडी वजनाला जवळपास तिप्पट होते, म्हणून शिजलेल्या वाटीवर ५२ चा हिशेब लावू नये. वजन कोरडंच करावं: माणशी २५ ग्रॅम, म्हणजे १३ ग्रॅम प्रथिनं. आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. एका भाजीतून त्याचा पाव हिस्सा भागतो, आणि तोही स्वस्तात.

दर्जाही चांगला. शरीराला अन्नातूनच मिळवावी लागणारी नऊही अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) यात आहेत, मेथिओनिन तेवढं कमी. ज्वारी-गव्हात उलट लायसीन कमी. त्यामुळे भाकरीसोबत ही भाजी म्हणजे दोघांची भरपाई.

तक्रारी दोनच ऐकू येतात: वास आणि गॅस. दोन्ही बहुतेक वेळा घाईमुळे. सोयाबीनमधल्या रॅफिनोज आणि स्टॅकिओज या साखरा पचवणारं विकर आपल्या लहान आतड्यात नाही. त्या मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि पोट फुगतं. या साखरा पाण्यात उतरतात. म्हणून उकळत्या पाण्यात मीठ घालून वड्या ८-१० मिनिटं ठेवा, ते पाणी फेका, गार पाण्यात घालून घट्ट पिळा, पुन्हा एकदा धुऊन पिळा. पिळणं टाळलं तर जाळीत पाणीच राहतं, मसाला आत शिरत नाही आणि रस्सा पांचट होतो. सोया खिम्याला ३-४ मिनिटं पुरतात. तो फडक्यात पिळावा. कुकरला शिट्ट्या नकोत, वडी लिबलिबीत होते.

यात स्निग्धांश १०० ग्रॅमला जेमतेम अर्धा ग्रॅम. फोडणीत तेलाची कंजुषी केली तर भाजी कोरडी लागते. कांदा-खोबऱ्याचं वाटण इथे शोभतं.

सुटा माल घेताना रंग बघा. फिकट पिवळसर हवा. काळपट तपकिरी वडी जास्त तापलेली असते, आणि जादा उष्णतेत नेमकं लायसीनच खराब होतं. खवट वास आला तर घेऊच नका.

ब १२ जीवनसत्त्व यात नसतं. शाकाहारी घरात त्यासाठी दूध-दही हवंच. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि ही भाजी यांत चार तासांचं अंतर ठेवावं, सोयामुळे गोळी कमी शोषली जाते. सोयाबीनची ॲलर्जी असेल त्यांनी अर्थातच टाळावी. बाकीच्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल करावी.