बायसल्फाइट कन्व्हर्जन किट: ताज्या डीएनएवर मस्त, जुन्या ब्लॉकवर जरा सांभाळून

आमच्या मॉलिक्युलर पॅथॉलॉजी लॅबमध्ये हे किट मुख्यतः एकाच कामाला लागतं, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये एमएलएच१ जीनचा प्रोमोटर (जीन चालू करणारा सुरुवातीचा भाग) मिथाइलेटेड आहे का, म्हणजे त्याच्यावर मिथाइल ग्रुप बसून तो बंद पडलाय का, ते बघायला, त्यामुळे रिव्ह्यू त्याच अंगाने वाचा. होल जीनोमवाल्यांच्या गरजा वेगळ्या, त्यांच्यासाठी मी काही बोलत नाही.

किट चांगलं की वाईट हे टेस्ट कशासाठी आहे त्यावर ठरतं म्हणून आधी ते सांगते. ट्यूमरच्या स्लाइडवर इम्युनो (प्रोटीन आहे का ते दाखवणारं स्टेनिंग) केलं आणि एमएलएच१ आणि त्याच्या जोडीचं पीएमएस२ ही दोन्ही प्रोटीनं गायब दिसली की दोन शक्यता असतात. एक म्हणजे जन्मजात म्युटेशन, लिंच सिंड्रोम (घराण्यात उतरणारा कॅन्सरचा धोका), मग पेशंटच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि मुलाला ५०% शक्यता, सगळ्यांना बोलवा, जेनेटिक काउन्सेलिंग करा, कमी वयातच कोलोनोस्कोपी सुरू करा. दुसरी म्हणजे जीनमधलं एकही अक्षर बिघडलेलं नाही पण प्रोमोटरमध्ये जिथे सीपीजी (सी च्या लगेच पुढे जी) दाटीने आहेत तिथल्या सायटोसिनवर, म्हणजे सी वर, मिथाइल ग्रुप बसलेत, त्यांना पकडणारी प्रोटीनं येतात, ती हिस्टोनवरचे ॲसिटिल काढणाऱ्या एन्झाइमना सोबत आणतात, क्रोमॅटिन म्हणजे डीएनएची गुंडाळी गच्च आवळली जाते आणि जीन वाचलाच जात नाही. पेशी विभागली तरी सुटका नाही, डीएनएमटी१ हे एन्झाइम नव्या धाग्यावर तेच मिथाइल परत लावून देतं. नड्सनने १९७१ मध्ये रेटिनोब्लास्टोमावरून (लहान मुलांच्या डोळ्याचा कॅन्सर) दोन घावांचं मांडलं, म्हणजे जीनच्या दोन्ही प्रती गेल्या की कॅन्सर, ते आठवा, त्यातला एक घाव, कधी दोन्ही, असा म्युटेशनशिवाय पडू शकतो. आरबी जीनचं मिथाइलेशन १९८९ मध्येच दिसलं होतं, मग व्हीएचएल, पी१६, बीआरसीए१ अशी कॅन्सरला आवर घालणाऱ्या (सप्रेसर) जीनची यादी वाढतच गेली. एमएलएच१ तसा डीएनए रिपेअरवाला, पण तो बंद पडला की मायक्रोसॅटेलाइट (डीएनएमधले परत परत येणारे छोटे तुकडे) ढिले पडतात आणि म्युटेशनचा ढीग साचतो, म्हणजे सप्रेसर गेल्यातच जमा.

ही दुसरी भानगड बहुतेक वयस्कर पेशंटमध्ये, उजव्या बाजूच्या कोलनमध्ये सापडते आणि सहसा घराण्यात उतरत नाही. आधी ट्यूमरमधला ब्राफ जीन बघतो, व्ही६००ई म्युटेशन मिळालं की लिंच जवळपास बाजूला पडतं. नाही मिळालं तर मात्र काहीच ठरत नाही आणि तिथे हे किट बाहेर निघतं.

काम साधं आहे. बायसल्फाइटने बिनमिथाइलचा सायटोसिन युरॅसिल होतो, पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवताना) तो टी म्हणून येतो, मिथाइलवाला सी सीच राहतो. ही केमिस्ट्री सीक्वेन्सिंगला जोडली १९९२ मध्ये आणि मिथाइलेशन स्पेसिफिक पीसीआर आला १९९६ मध्ये. जुन्या पद्धतीत रात्रभर उबवत बसायचं, इथे थर्मोसायकलरला लावून दुपारच्या जेवणाआधी टाकलं तर संध्याकाळी पीसीआर लावून घरी. रिएजंट विरघळवताना गंधकाचा वास नाकात जातो तो जातोच, फ्यूम हूडमध्ये करा, आणि विरघळवलेलं उरलं तर पुढच्या आठवड्यासाठी ठेवू नका, उजेडात आणि हवेत त्याचा दम जातो.

आता खरा मुद्दा. कन्व्हर्जन अर्धवट झालं तर जो सी बदलायला हवा होता तो तसाच राहतो आणि पीसीआरला तो मिथाइलेटेडच वाटतो. म्हणजे रिपोर्टवर जातं की प्रोमोटर मिथाइलेटेड, कॅन्सर स्पोरॅडिक (घराण्यातला नाही), घरच्यांना बोलवायची गरज नाही, आणि तिकडे पेशंटची तिशीतली मुलगी लिंच घेऊन निवांत फिरतेय. इतर किटमध्ये खराब रिझल्ट म्हणजे बँड येत नाही, सॅम्पल परत लावतो, इथे खराब रिझल्ट सुंदर बँड घेऊन येतो!! म्हणून मी या किटला स्पीडवर मार्क देतच नाही, कन्व्हर्जनवर देते.

सेल लाइनच्या डीएनएवर कन्व्हर्जन एकदम स्वच्छ. आरकेओ आमचा पॉझिटिव्ह कंट्रोल कारण त्यात एमएलएच१ मिथाइलेशननेच बंद आहे, आणि एसडब्ल्यू४८० निगेटिव्ह, तिथे जीन चालू असतो. (आरकेओला डेसिटाबिन (मिथाइल उतरवणारं औषध) दिलं की एमएलएच१ परत बोलायला लागतं, शिकाऊ पोरांना हे दाखवते तेव्हा म्युटेशन आणि सायलेन्सिंगमधला फरक एका ब्लॉटमध्ये कळतो, लेक्चर लागत नाही.) सीक्वेन्सिंगचा पीक बघताना सीपीजी सोडून बाकीचे सगळे सी टी झालेत का एवढंच तपासायचं, एसडब्ल्यू४८० मध्ये सी ची निळी रेघ जवळपास सपाट येते, म्हणजे बघून समाधान वाटतं.

पॅराफिन ब्लॉकवर (फॉर्मेलिनमधून काढून मेणात बसवलेला टिश्यू) गोष्ट बदलते. फॉर्मेलिनने डीएनए आधीच तुकडे तुकडे झालेला, त्यात बायसल्फाइट अजून तोडतं, वर प्रोटीन नीट पचलं नसेल तर धागे सुटे होत नाहीत आणि जिथे सुटे नाहीत तिथे रिॲक्शनच होत नाही. किटच्या कागदावर यावर एक ओळ आहे, बस. आम्ही प्रोटीन पचवणारं प्रोटीनेज के रात्रभर ठेवतो, ॲम्प्लिकॉन (पीसीआरने वाढवायचा तुकडा) दीडशे बेसच्या आत धरतो आणि डिसल्फोनेशनचा (शेवटची अल्कलीची पायरी) वेळ घड्याळ लावून पाळतो कारण त्या अल्कलीत जास्त वेळ राहिलं की उरलासुरला डीएनए पण जातो. एवढं केलं तर बरे ब्लॉक चालतात, फार जुने किंवा फॉर्मेलिनमध्ये कितीतरी दिवस पडून राहिलेले ब्लॉक तरीही रडवतात, त्यात दोष पूर्ण किटचा नाही.

नवीन लोकांसाठी: कन्व्हर्जननंतर डीएनए सिंगल स्ट्रँडेड असतो त्यामुळे नॅनोड्रॉपवर (डीएनए किती आहे ते मोजणारं मशीन) आरएनएच्या सेटिंगला मोजा, आणि जेलवर काही दिसलं नाही तर घाबरून सॅम्पल फेकू नका, जेल थोडा वेळ बर्फावर ठेवा मग स्मीअर उगवतो. प्रूफरीडिंग पॉलिमरेज वापरू नका, युरॅसिल दिसला की ते अडून बसतं, साधं हॉटस्टार्ट टॅक बेस्ट.

तक्रारी. कंट्रोल डीएनए पॅकमध्ये नाही, वेगळा घ्यावा लागतो, आणि ज्या टेस्टचा अख्खा भरवसा कंट्रोलवर आहे तिथे हा कंजूषपणा पटत नाही. सपोर्टला मेल केला तर तोच कागद पीडीएफ करून परत पाठवला. एल्युशन (कॉलममधून डीएनए उतरवणं) १० मायक्रोलिटरमध्ये करायचं त्यामुळे रिपीटला काही उरत नाही, मी दोन कॉलममध्ये विभागून लावते. आणि प्रोमोटरचा कुठला भाग बघायचा हे किट सांगणार नाही ते ठीक, पण बघणाऱ्यांनो, एमएलएच१ मध्ये जीन सुरू होण्याच्या लगतचा भाग बघा, प्रोटीन जाण्याशी त्याचाच मेळ बसतो, वरच्या लांबच्या भागात मिथाइल असून जीन मजेत चालू असतो. पेशंट तरुण असेल आणि ट्यूमर मिथाइलेटेड आला तर रक्तावर पण हीच टेस्ट लावा, क्वचित कुणाच्या सगळ्या अंगातच एमएलएच१ मिथाइलेटेड असतो.

एन्झाइमवाली नवीन किट आलीत, टेट२ आणि अपोबेकवर चालणारी, ती डीएनए कमी तोडतात पण आमच्या बजेटमध्ये रोजच्या सॅम्पलला झेपत नाहीत. तोवर हेच. पाचपैकी साडेतीन, कंट्रोल पॅकमध्ये घाला, चार देते.