सीगल ४ए घेऊन शिआन: काही महिन्यांच्या वापरानंतर

शरद ऋतूत चीनमधल्या शिआन शहरात, जुन्या वस्तूंच्या बाजारात सीगल ४ए घेतला, आणि आता इथला उन्हाळा तापायला लागलाय. शांघायमध्ये बनलेला हा दोन भिंगांचा कॅमेरा. वरच्या भिंगातून आपण बघायचं, खालच्यातून फिल्मवर उमटतं. १२० ची (रुंद, गुंडाळीची) फिल्म, ६ बाय ६ सेंटिमीटरची चौकोनी फ्रेम, एका रोलला १२ फोटो. भिंग ७५ मिमीचं, एफ ३.५. शटर फार तर १/३०० सेकंद. सेल लागत नाही. मी बहुतेक वेळ यात ४०० आयएसओची कृष्णधवल फिल्म वापरली.

घ्यावा का, असं विचाराल तर शिआनसाठी नक्की घ्यावा. हे शहर म्हणजे थांग घराण्याच्या काळातलं (सातवं ते दहावं शतक) छांग-आन, १०८ चौकोनी वस्त्यांची राजधानी. पण त्या राजधानीतलं उभं असं फार थोडं उरलंय: दोन पॅगोडे (बौद्ध मनोरे), काही शिळा आणि पुष्कळशी जोती. बाकी बहुतेक मिंग घराण्याच्या काळातलं (चौदावं ते सतरावं शतक) किंवा आपल्या डोळ्यांदेखत नव्याने बांधलेलं. यातलं जुनं काय आणि नवं काय, हे कळायला एका जागी बराच वेळ उभं राहावं लागतं. बाराच फ्रेम हाताशी असल्या की माणूस आपोआप उभा राहतो.

तटबंदीवर हा कॅमेरा सगळ्यात रमला. १३७० ते १३७८ या काळात बांधलेला हा तट जवळपास १४ किलोमीटरचा आहे. उंची १२ मीटर, आणि वरून सायकली चालतात इतका रुंद. पोटात ठोकून बसवलेली माती, बाहेरून करड्या विटा. हिवाळ्यात इथे धुरकट हवा असते, ऊन पसरट पडतं. रंगीत फोटोत ते मळकट दिसतं, कृष्णधवल फिल्मवर मात्र विटेचा प्रत्येक कंगोरा येतो. कॅमेरा पोटाशी धरून वरून खाली बघायचं असल्यामुळे नजरेची उंची कमी होते आणि कठडा आडवा येतो. तेव्हा कॅमेरा उलटा करून डोक्यावर धरायचा आणि चित्र दिसतं त्या काचेत खालून वर बघायचं. पलीकडचा खंदक, बागेत व्यायाम करणारी म्हातारी माणसं, सगळं फ्रेममध्ये येतं. काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, त्याची सवय व्हायला मात्र वेळ लागतो. सायकलवाल्यांच्या मागे कॅमेरा फिरवायचा तर हात हमखास उलट्या दिशेला जातो.

मोठ्या हंस-पॅगोड्याबद्दल एक सूचना. ह्युएनत्संग या चिनी भिक्षूने भारतातून आणलेल्या ६५७ ग्रंथांसाठी तो ६५२ मध्ये उभा राहिला, आणि ७०४ च्या सुमारास पुन्हा बांधला गेला. सात मजले, ६४ मीटर. भूजलाच्या उपशामुळे तो वायव्येला किंचित झुकलेला आहे, म्हणून फ्रेममध्ये तिरका दिसला तर कॅमेरा वळवत बसू नका. उंच वास्तूसाठी चौकोनी फ्रेम अपुरी पडते. कॅमेरा वर केला की कडा एकमेकींकडे झुकतात. मी लांब दक्षिणेला जाऊन, कॅमेरा सपाट ठेवून, खालचा अर्धा भाग चौकात जमलेल्या माणसांना देते. हाच ह्युएनत्संग सातव्या शतकात महाराष्ट्रात आला होता. दुसऱ्या पुलकेशीबद्दल आणि तिथल्या स्वाभिमानी, उपकार न विसरणाऱ्या माणसांबद्दल त्याने लिहून ठेवलंय. पॅगोड्याच्या दाराशी उभी असताना मला हे दर वेळी आठवतं आणि दर वेळी भरून येतं.

तरी मनापासून सांगायचं तर फोटोसाठी लहान हंस-पॅगोडा जास्त चांगला. ७०९ मध्ये पूर्ण झाला. पंधरा मजल्यांपैकी तेरा उरलेत, वरचे १५५६ च्या भूकंपात गेले. तुटलेलं टोक तसंच आहे. आवारात झाडं भरपूर, गर्दी कमी.

महामशिदीत सकाळीच जा. प्रार्थनागृहाचं तोंड पूर्वेला आहे, कारण नमाज पश्चिमेकडे, मक्केच्या दिशेला होते. त्यामुळे सकाळचं ऊन थेट दर्शनी भागावर येतं. एकामागून एक अंगणं, चिनी कौलं, लाकडी आठकोनी मिनार. दुपारनंतर हाच भाग सावलीत जातो आणि शटर १/३० सेकंदावर आणावं लागतं. बाहेरच्या खाऊगल्लीत मी कॅमेरा बंदच ठेवते. मटणाच्या रश्श्यात पाव कुस्करून खायला दोन्ही हात मोकळे लागतात.

पेइलिन, म्हणजे कोरीव शिळांच्या संग्रहालयात, ८३७ साली कोरलेल्या कन्फ्यूशियन ग्रंथांच्या ११४ शिळा आहेत. शाईचे ठसे घेऊन घेऊन इथल्या कितीतरी शिळा काळ्या पडल्यात. उजेड कमी, भिंग जेमतेम मीटरभरावरून फोकस होतं, आणि इतक्या जवळून दोन भिंगांच्या अंतरामुळे फ्रेम खाली सरकते. म्हणून अक्षरांचा सुटा फोटो घेण्यापेक्षा शिळांची रांग घ्यावी. काळ्यावर काळा रंग फिल्मने इतका नीट वेगळा केला की ती निगेटिव्ह मी वारंवार दिव्यासमोर धरते.

तामिंग राजवाड्याच्या आवारात मोबाइलवाले पाच मिनिटांत परततात, कारण दाखवण्यासारखं काही दिसत नाही. तीन चौरस किलोमीटरहून मोठा परिसर, थांग सम्राटांचा दरबार इथे भरायचा, आणि त्या काळाच्या अखेरीस सगळं जळालं. आज दिसतात ती बरीचशी वर नवीन विटा लावलेली जोती. हान्युआन दालनाच्या जोत्याला आधी पूर्ण फेरी मारा, मग काचेत बघा. पायऱ्या आणि आभाळ यांचा जो आकार चौकोनात बसतो, त्यातून त्या दरबाराचा आवाका कळतो. माझे सगळ्यात चांगले फोटो इथले आहेत.

आता त्रासाचं. मेट्रोच्या प्रत्येक स्टेशनवर बॅग एक्स-रे यंत्रातून जाते, आणि रोजच्या प्रवासात तो मारा साठत जातो. बंद रोल खिशात ठेवा, कमानीच्या मेटल डिटेक्टरने फिल्मला काही होत नाही. विमानतळांवरची नवी सीटी यंत्रं मात्र फिल्म खराब करतात, म्हणून परतायच्या आधी रोल इथेच धुऊन घ्या. एका लॅबने माझ्या एका रोलवर लांबच लांब ओरखडे आणले. तेव्हापासून घरीच डी-७६ या फिल्म धुण्याच्या रसायनात धुते आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरते.

जुना सीगल घेताना १ सेकंदाचं शटर कानाने ऐकून बघा, भिंगात बुरशी नाही ना हे टॉर्च लावून पाहा. वजन जवळपास किलोभर आहे, तेव्हा पट्टा रुंद घ्या. रात्री, थांग काळाच्या धर्तीवर नव्याने उभारलेल्या थांगनगरी रस्त्यावर, त्या दिव्यांच्या झगमगाटात, हा कॅमेरा नेऊ नका. तिथे मोबाइलच चांगला.