बेलापूर आर्टिस्ट व्हिलेजमधलं घर, पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

नवी मुंबईतलं सीबीडी बेलापूर, सेक्टर ८. उन्हाळ्यात भाड्याने आलो, अख्खा पावसाळा इथे काढला, दिवाळीही झाली, म्हणून आता लिहितोय. आधी ठाण्यात घोडबंदर रोडला टॉवरमध्ये होतो त्यामुळे तुलना तिथलीच होणार.

ही वसाहत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी डिझाईन केलेली, १९८३ ते ८६ मधली. सात घरं एका चौकाभोवती, चौक साधारण ८ बाय ८ मीटर, आणि असे तीन गट मिळून आणखी एक मोठा चौक. शेजाऱ्याशी कॉमन भिंत नाही, कारण पैसे जमतील तसं ज्याने त्याने घर वाढवावं हाच मूळ प्लॅन. लोकांनी तेच केलंय, बरीच कौलारू बैठी घरं जाऊन दोन-तीन मजली झालीत, त्यामुळे जुने फोटो बघून येऊ नका. आमचं खाली जुनंच बांधकाम, वर मालकांनी एक खोली चढवलीय.

खरं सांगायचं तर भाडं घराचं कमी आणि चौकाचं जास्त देतोय असं मला वाटतं, आणि मला ते पटतं. मुलगी शाळेतून आली की दप्तर टाकून थेट चौकात, कुणाला फोन करून "खाली येतेस का" विचारायची गरज नाही. आई टॉवरमध्ये दिवसभर टीव्हीसमोर असायची, ती इथे चार वाजले की शेजारच्या काकूंबरोबर भाजी निवडत बसते, पार्सल आलं तर त्याच ठेवून घेतात. ज्यांना एकांत हवा त्यांना मात्र जड जाईल, कुणाकडे पाहुणे आले, कुणाचा आवाज चढला, सगळं सगळ्यांना कळतं.

आता ओल. पारसिकच्या डोंगराला लागून आहोत, पाऊस दणकून पडतो, आणि जुन्या भिंतीवर नवा स्लॅब जिथे बसवलाय त्या सांध्यातूनच पाणी उतरतं. जुलैत बेडरूमच्या भिंतीचे पापुद्रे निघाले, कपाटातल्या कपड्यांना बुरशी आली. घर बघायला जाल तेव्हा रंग नवा आहे यावर जाऊ नका, वर चढून तो सांधा बघा. डोंगरावरून माकडंही येतात, किचनच्या खिडकीला जाळी हवीच. पार्किंगचं म्हणाल तर गल्ल्या अरुंद आहेत, बाईक ठीक, कार रोज रात्री जागा शोधून लांब लावावी लागते, घरात वयस्कर माणूस असेल तर याचा आधी विचार करा.

पाण्याची चिंता नाही, महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, आणि टँकरच्या आवाजाने उठायची सवय असलेल्या माणसाला याची किंमत कळते. स्टेशनला रिक्षाने पटकन पोचतो. सीएसएमटीला तासाच्या वर लागतो पण काही लोकल बेलापूरहूनच सुटतात, ती पकडली की बसायला मिळतं, ठाण्यासाठी थेट ट्रान्स हार्बर लोकल आहे. खारघर, तळोजाकडे जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२३ पासून पेंधरपर्यंत मेट्रो आहे आणि जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत गाडी जाते. किराणा, भाजी, मेडिकल चालत. रविवारी मात्र ऑफिसेसचा भाग एकदम शांत, जेवायला बाहेर जायचं तर नेरूळ किंवा वाशी.

अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करतोय, पण मालकांशी बोलून ठेवलंय की मे संपायच्या आत सांध्याचं वॉटरप्रूफिंग झालंच पाहिजे, आणि ते तसं लिहूनही घेणार आहे.