नाशिकमधली ‘डिजिटल बॉडीगार्ड’ सेवा : पैसे वसूल, पण प्रत्येकाने घ्यायची गरज नाही

नाशकात आता ही सेवाही मिळते, आणि तिच्याबद्दल कोणी मराठीत लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून लिहितेय. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस आहे, पाटीवर फक्त आडनाव. आत बसतात त्या मॅडमनी वीस वर्षं सीआयएसएफमध्ये, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात काढली, त्यातली शेवटची व्हीआयपी सुरक्षेत. आता त्या कारखानदार, डॉक्टर, बिल्डर अशा लोकांचं आणि त्यांच्या घरच्यांचं ऑनलाइन संरक्षण बघतात. मोठ्या कंपन्यांत याला डिजिटल एक्झिक्युटिव्ह प्रोटेक्शन म्हणतात. आमच्या अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या भाषेत ‘मोबाइलला वॉचमन’. नाव-पत्ता इथे देत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. अंबड-सातपूरमध्ये चार ठिकाणी विचारलंत तर कळेल.

आमचा अंबडला प्रेस पार्ट्सचा कारखाना आहे. नवरा बाहेरचं बघतो, मी हिशेब. एक दिवस आमच्या अकाउंटंट काकांना व्हॉट्सॲप आलं. डीपी नवऱ्याचा, नंबर नवा. ‘पुण्यात मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, खालील खात्यावर लगेच आरटीजीएस करा.’ काकांनी एन्ट्री मारलीसुद्धा. आमच्या नेट बँकिंगला मेकर-चेकर आहे (एकाने भरायचं, दुसऱ्याने मंजूर करायचं), म्हणून ती मंजुरीला माझ्याकडे आली आणि मी नवऱ्याला फोन लावला. पैसे वाचले. पण नवरा त्या दिवशी खरंच पुण्यात मीटिंगमध्ये होता, आणि हे त्या चोराला कसं कळलं, या प्रश्नाने मला झोप येईना.

मॅडम पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी कोणाच्या फोनला हात लावला नाही, एकही पासवर्ड विचारला नाही. घरातल्या सगळ्यांची पूर्ण नावं, कारखान्याचं नाव, बस. चहा घेतला आणि गेल्या. (आम्ही आधी एकाला बोलावलं होतं, तो आल्या आल्या सगळ्यांचे फोन मागत होता. तिथेच त्याचा विषय संपला.) पुढच्या वेळी आल्या त्या कागदांची चळत घेऊनच, आणि जेवणाच्या टेबलावर एकेक कागद मांडत गेल्या.

पहिला कागद आमच्या घराचा फोटो. गुगलने २०२२च्या जुलैत भारतात स्ट्रीट व्ह्यू सुरू केलं तेव्हा पहिल्या दहा शहरांत नाशिक होतं, हे मला माहीतच नव्हतं. फोटोत आमचं फाटक सताड उघडं, आत माझी ॲक्टिव्हा, खिडकीच्या कोणत्या ग्रिलला कुलूप आहे आणि कोणत्या नाही तेही दिसतंय. मॅडम पेनाने गोल करत म्हणाल्या, ‘माणूस गल्लीत न येता रेकी करून गेला.’ घर धूसर करायची विनंती गुगलकडे फुकट करता येते. ती त्यांनी आमच्याकडूनच भरून घेतली, आधी बजावून की एकदा धूसर झालं की परत स्वच्छ होत नाही.

दुसरा कागद नवऱ्याच्या सायकलिंगचा नकाशा. नाशिककर आणि सायकल, काय सांगायचं! रोज पहाटे गंगापूर धरणापर्यंत जायचं आणि मार्ग स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपवर टाकायचा. नकाशावर प्रत्येक केशरी रेघ आमच्या फाटकापाशी सुरू होऊन फाटकापाशीच संपत होती, वेळेसकट. नवरा म्हणाला, ‘मला कोण कशाला मारायला येतंय?’ त्यावर मॅडमनी सांगितलं की २०२४मध्ये ‘ल मोंद’ या फ्रेंच वर्तमानपत्राने बायडन, ट्रम्प आणि मॅक्रॉन यांच्या हालचाली त्यांच्या अंगरक्षकांच्याच स्ट्राव्हावरून शोधून दाखवल्या होत्या. ‘साहेब, तिथे प्रशिक्षित माणसं चुकली.’ नवरा गप्प. ॲपमध्ये सुरुवात आणि शेवट लपवायची सोय आहे, ती मुलीने तिथल्या तिथे चालू केली.

मग ट्रूकॉलर. लोकांनी नवऱ्याचा नंबर कसा सेव्ह केलाय त्यावरून धंदा, गाव, हुद्दा सगळं कळतं. मग नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरचं इंडेक्स टू, खरेदीखताचा गोषवारा, म्हणजे मखमलाबादची जमीन कोणाकडून आणि केवढ्याला घेतली. मग सातबारा. आणि पुण्याच्या मीटिंगचं कोडं? आमच्याच मार्केटिंगच्या पोराने सकाळी लिंक्डइनवर टाकलेला, ‘सरांसोबत पुण्याच्या वाटेवर’ असा फोटो. पोरगं गुणी आहे, ओरडा खाल्ला त्याने.

या बाई इतकं बारीक का बघतात ते त्यांच्या जुन्या नोकरीत आहे. माहेर नाशिकरोडचं, वडील करन्सी नोट प्रेसमध्ये. प्रेसच्या गेटवर सीआयएसएफचा पहारा असतो, ती वर्दी लहानपणापासून पाहिलेली. सब-इन्स्पेक्टर म्हणून लागल्या, विमानतळ झाला, मग व्हीआयपी. तिथे एएसएल म्हणून प्रकार असतो, ॲडव्हान्स सिक्युरिटी लायझन. नेता यायच्या आधी जाऊन जागा, जाण्यायेण्याचे रस्ते, जिने, छतं, कोण कुठे उभं राहणार, सगळं तपासायचं. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट लक्षात राहिली. एका दौऱ्यात मार्ग गुप्त ठेवला, गाड्या बदलल्या, आणि मागच्या गाडीतल्या पुतण्याने फेसबुक लाइव्ह सुरू केलं. ‘आम्ही दोन दिवस उन्हात उभे, आणि त्याने दोन मिनिटांत सगळं उघडं केलं. तेव्हाच वाटलं, आता खरी ड्युटी रस्त्यावर राहिली नाही.’ मग सुट्ट्यांत कोर्स केले, आणि वीस वर्षं भरल्यावर पेन्शन हातात घेऊन स्वेच्छानिवृत्ती.

सोपं गेलं नाही, हे त्या लपवत नाहीत. वर्दीत असताना हात वर केला की ताफा थांबायचा. इथे एका डॉक्टरसाहेबांना पासवर्ड बदला म्हणून महिनाभर विनवावं लागतं. आणि नातेवाइकांना अजून वाटतं की बाई घरी बसून फेसबुक बघतात.

माझा विश्वास बसला तो वेगळ्याच प्रसंगाने. नवरा म्हणाला, ‘तुमची वर ओळख असेलच. त्या चोराच्या नंबरचे सीडीआर, कॉलच्या नोंदी, काढून द्या, जो खर्च येईल तो देतो.’ मॅडमचा आवाज एकदम ड्युटीवरचा झाला. कॉल रेकॉर्ड पोलिसांनी कायदेशीर मार्गाने मागवायचे असतात, बाहेरून घेणं गुन्हा आहे. २०१८मध्ये ठाणे पोलिसांनी सीडीआर विकणारी टोळी पकडली, त्यात खासगी गुप्तहेरही अडकले होते. ‘हे काम मी करत नाही, आणि जो करतो म्हणेल त्याला घरात घेऊ नका.’ त्यांनी आम्हाला शहर सायबर पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला लावली आणि एक कागद फ्रीजवर चिकटवला. पैसे गेले तर पहिला फोन मॅडमना करायचा नाही, १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला करायचा. दुसरी ओळ अण्णांसाठी: डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यातच नाही, व्हिडिओ कॉलवर खाकी दिसली की फोन ठेवा. वर्धमान समूहाचे ओसवाल यांच्यासारख्या मुरलेल्या उद्योगपतींचे २०२४मध्ये असेच सात कोटी गेले होते, हे ऐकल्यावर अण्णांनी तो कागद स्वतःच्या खोलीतही लावला. संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर पाहिलं तर अण्णांच्या आधारवर एक भलतंच सिम चालू होतं. ते तिथूनच ‘माझं नाही’ म्हणून कळवलं.

आता तक्रारी. पहिला रिपोर्ट अख्खा इंग्रजीत. ज्यांच्यासाठी सगळ्यात गरजेचा, त्या अण्णांना त्यातलं अक्षर कळलं नाही. मागितल्यावर मराठीत दोन पानं आली, पण ती आधीच यायला हवी होती. दुसरं, बोलणं हुकमी. माझ्या लेकीला इन्स्टाग्राम बंद कर म्हणून असं काही सुनावलं की ती दोन दिवस धुमसत होती. अकाउंट प्रायव्हेट करून चालणार होतं, शेवटी तेच केलं. तिसरं, रविवारी फोन उचलत नाहीत. चोर रविवार पाळत नाहीत हो. आणि एका व्यावसायिक संघटनेच्या जुन्या डिरेक्टरीत आमच्या घरचा पत्ता आणि मोबाइल नंबर आहे, तिची पीडीएफ नेटवर आहे. मॅडमनी २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याचा दाखला देऊन दोन पत्रं धाडली, पण पीडीएफ अजून जागेवरच आहे. सरकारी संकेतस्थळांवरचं तर काहीच काढता येत नाही, हे मात्र त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

फी साधारण एका चांगल्या अकाउंटंटच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी, वर १८ टक्के जीएसटी. त्यात पूर्ण तपासणी, दुरुस्त्या, कारखान्यातल्या लोकांसाठी एक बैठक आणि वर्षभर नजर. बाहेरच्या एका कंपनीचं कोटेशन याच्या तिप्पट होतं, आणि त्यात निम्मं अमेरिकेचं उचललेलं. तिकडे लोकांचे घरचे पत्ते विकणाऱ्या कंपन्या असतात, त्यांच्या याद्यांतून नावं काढायची हा या धंद्याचा मोठा भाग. २०२४च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये एका विमा कंपनीच्या प्रमुखाला भररस्त्यात गोळ्या घातल्यावर तर तिकडे या सेवेला मागणी फार वाढली. आपल्याकडे पत्ता विकत कशाला घ्यायला हवा? सोसायटीच्या ग्रुपवर मिळतो, लॉजच्या काउंटरवर पडलेल्या आधारच्या झेरॉक्सवर मिळतो. मॅडमना हा फरक नेमका कळतो. मास्क्ड आधार (फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं) आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक त्यांनी आमच्या ड्रायव्हरलाही शिकवलं, वेगळे पैसे न घेता.

एक लक्षात ठेवा: रखवालदार पुरवायचे तर २००५च्या कायद्याखाली परवाना लागतो, या कामाला पाटी लावली की झालं. तेव्हा कोणाकडेही जा, आधी विचारा की काय करणार नाही. उत्तर पटकन आलं नाही तर उठा.

पगारदार माणसाने यावर पैसे घालू नयेत. व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिन, डीपी फक्त ओळखीच्यांना, संचार साथीवर आपल्या नावावरची सिम तपासणं, हे सगळं फुकट आहे आणि एका संध्याकाळी होतं. ज्यांच्या नावाने निरोप आला की लोक पैसे पाठवतात, ज्यांना धमक्या येतात, ज्यांचा जमिनीचा वाद कोर्टात आहे, त्यांनी मात्र जरूर जावं. पाचापैकी चार तारे देते. एक तारा इंग्रजी रिपोर्ट आणि रविवार मिळून कापलाय.

नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे. कारखान्यापुरतंच घ्यायचं ठरवलंय. घरचं मी आणि लेक बघू, आणि नवऱ्याच्या सायकलवर तर तिची नजर आहेच.