सोलापूरच्या गच्चीवर हॉप्स: फुलांसाठी नको, कोंबांसाठी चालेल

हॉप्स म्हणजे ज्याच्या फुलांनी बिअरला कडूपणा येतो तो वेल. त्याचं नाव काढलं की लोक आधी उन्हाचंच बोलतात, ४२-४३ ला काय जगणार म्हणे. जगला की ओ. पूर्वेकडची भिंत, दुपारनंतर सावली, मोठी ग्रो बॅग, भरपूर शेणखत आणि वर उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन, एवढ्यावर मे निघाला. पानं कडेनं करपली, पण खालचा कंद टिकला आणि पाऊस पडल्यावर परत फुटला.

खरी अडचण दिवसाच्या लांबीची आहे, आणि हे विकणारा कुणीच सांगत नाही. जर्मनीत हालरटाऊ भागात हॉप्सची मोठी शेती आहे, तिथं जूनमध्ये दिवस १६ तासांचा असतो, आपल्याकडं सगळ्यात मोठा दिवस १३ तासांच्या जरासा वर. दिवस लांब असेपर्यंत हा वेल नुसता वाढतो, तारेवर ५-६ मीटर चढतो आणि मग फुलतो. इथं त्याला पहिल्यापासूनच दिवस छोटा मिळतो, त्यामुळं खांद्याएवढा झाला न झाला की फुलायची घाई. फुलं आली, हिरवी कागदी कणसं, पण सगळी मिळून एका वाटीत मावली. ब्राझीलमध्ये यासाठी शेतात रात्री दिवे लावतात, पण एका वेलापायी लाइट बिल कोण भरणार? हिमाचलच्या लाहौलमध्ये होतात ते वेगळं, तिथली थंडी आपण कुठून आणायची.

कोंब मात्र पैसे वसूल. कंदातून ढीगभर फुटतात, दोन-तीन ठेवून बाकीचे खुडायचेच असतात, मग वीतभर असतानाच खुडा. बेल्जियममध्ये हीच भाजी भयंकर महाग मिळते. मी उकळत्या पाण्यातून काढून लसणाची फोडणी देतो आणि वरून शेंगदाण्याचं कूट, कडक भाकरीबरोबर एकदम भारी. कडसर लागते, पण मेथीपेक्षा कमी. जून पान खाऊ नका, खरखरीत असतं, आणि वेलाला बारीक आकडे असतात तर फुल बाह्यांचा शर्ट घालूनच हात घाला, काहींना पुरळपण उठतं.

वाटीभर फुलं वाळवून चहा केला. गरम पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवायची, उकळायची नाहीत, कारण जितकं उकळाल तितका कडूपणा उतरतो (बिअरवाल्यांना तोच हवा असतो). झोप येते म्हणतात, मला काही फार फरक जाणवला नाही, पण झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. वेल भांगेच्या कुळातला आहे म्हणून शेजारचे काका दोनदा येऊन बघून गेले, नशाबिशा काही नसते यात.

हवा कोरडी असली की लाल कोळी ही बारीक कीड ठरलेली, पानाच्या खालून पाण्याचा फवारा मारत राहायचा. आता नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात हे जड जातं, आणि नुसती सावलीच हवी असेल तर घोसाळं लावा, कमी पाण्यात दुप्पट पसरतं आणि भाजीपण देतं.

घ्यायचाच असेल तर बी घेऊ नका, नर-मादी वेल वेगळे असतात आणि कणसं मादीलाच येतात, म्हणून मादी वेलाच्या कंदाचा तुकडाच मागा. आणि घरात कुत्रं असेल तर गळून पडलेली फुलं लगेच उचला, त्यानं खाल्ली तर अंगातला ताप इतका चढतो की जीवावर बेततं.