टीईटीचं सर्टिफिकेट ‘रिन्यू’ करून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं, प्रमाणपत्र रिन्यू होत नाही, करावंही लागत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नागपुरात सध्या शिक्षकांना नेमकं हेच विकल्या जात आहे. माझे साडेसहा हजार रुपये त्यातच गेले.

मी 2013 ची, म्हणजे राज्यातली पहिली टीईटी पास आहे. बारा वर्षांच्या नोकरीनंतर मिळणारी वरिष्ठ वेतनश्रेणी जवळ आली म्हणून फाइल आधीपासूनच लावायला घेतली होती. हा प्रस्ताव ज्यांनी केला आहे त्यांना ठाऊक आहे, एक कागद कमी पडला की फाइल परत. त्यात 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. ज्या शिक्षकांची नोकरी पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, असा. प्रत्येक स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता.

त्याच दिवसांत मधल्या सुट्टीत रिन्यूअलवाले एक गृहस्थ शाळेत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल, बर्डीला (नागपूरच्या सीताबर्डीत) एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर ऑफिस. माझं प्रमाणपत्र पाहायला मागितलं आणि त्यावरच्या ‘सात वर्षे वैध’ या ओळीवर बोट ठेवलं. “मॅडम, हे तं कधीचंच एक्सपायर झालं न! कोर्टाच्या हिशेबानं तुम्ही नापासच धरल्या जाल.”

ओळ खरी होती, कोर्टाचा निकालही खरा होता. या दोन खऱ्या गोष्टींमधली तिसरी गोष्ट तो गाळतो. केंद्र सरकारनं जून 2021 मध्येच टीईटीची वैधता आजीवन केली, तीही 2011 पासून मागे जाऊन. म्हणजे छापलेली सात वर्षं उलटली असली तरी जुनं प्रमाणपत्र चालतं. परीक्षा होते पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेमार्फत, आणि बर्डीत तिचा कोणी एजंट नाही.

त्यानं चार हजार घेतले रिन्यूअलचे आणि अडीच हजार ‘50 तासांच्या सीपीडी (सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास) पॅकेज’चे. हे 50 तासही त्यानं हवेतून आणले नव्हते बरं का. नव्या शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलेलं आहेच. पण दीक्षा या सरकारी पोर्टलवरचे कोर्स फुकट आहेत, प्रमाणपत्रासकट. आणि वरिष्ठ श्रेणीचं प्रशिक्षण राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद घेते, नोंदणी तिच्याच पोर्टलवर होते. अशा खासगी पॅकेजला तिथे कवडीची किंमत नाही. पैसे त्यानं यूपीआयवर घेतले, तेही भलत्याच आडनावाच्या खात्यात. आणि मूळ प्रमाणपत्र ‘पुण्याला पाठवायचं आहे’ म्हणून घेऊन गेला.

बदल्यात आलं एक लॅमिनेशन केलेलं रंगीत प्रमाणपत्र, खाली क्यूआर कोड. स्कॅन केलं की राजमुद्रा, हिरवी टिकमार्क आणि ‘पडताळणी यशस्वी’. आमच्या बडेबाबूंनी माझा कोड स्कॅन केला, मग दुसऱ्या एका मॅडमचा केला. पान तेच. त्यावर ना तिचं नाव, ना माझं, ना बैठक क्रमांक. वरचा पत्ता पाहिला तर फुकटात वेबसाइट बनवून देणाऱ्या कंपनीचा. बाबू म्हणाले, “यावर चहाच्या डब्याचा फोटो छापला तरी पडताळणी यशस्वीच येते.”

त्या माणसाचा फोन आधी ‘मीटिंगमध्ये आहे’ असा, मग बंद. क्लासवाले म्हणाले, त्यानं महिन्याच्या भाड्यानं नुसतं टेबल घेतलं होतं. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर पैसे पुढच्या खात्यांत गेले होते. हा नंबर पैसे गेल्यावर जितक्या लवकर लावाल, तितकी रक्कम गोठवण्याची आशा जास्त असते. पोलिसांना व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं दिलं. मोबाइल साफ करायची सवय असेल तर अशा माणसाशी झालेलं बोलणं तेवढं ठेवा.

साडेसहा हजारांचं दुःख एका पगारात निघून जाते. माझी झोप उडाली ती बनावट कागदामुळे. 2019 च्या टीईटीतला, पैसे घेऊन नापासांना पास दाखवल्याचा घोटाळा आठवत असेल. 2022 मध्ये परीक्षा परिषदेनं साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर कारवाई केली. असा कागद प्रस्तावात लागला असता तर फसवल्या गेलेली मी कोण आणि फसवणारी मी कोण, हे मलाच सिद्ध करत बसावं लागलं असतं. म्हणून लॅमिनेशनवालं प्रमाणपत्र पोलिसांकडे जमा केलं. मुख्याध्यापकांना आणि शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवलं की तो कागद माझ्या सेवापुस्तकात नाही, आणि पोचप्रतीवर आवक क्रमांक टाकून घेतला. मूळ प्रमाणपत्राच्या दुय्यम प्रतीसाठी तक्रारीची प्रत जोडून पुण्याला अर्ज गेला आहे.

त्याच माणसाकडून कागद घेतलेले आणखी दोन-तीन जण मला माहीत आहेत. एकीनं तर तो प्रस्तावाला जोडूनही टाकला आहे, आणि आता काढून घ्यायला ऑफिसात जायला घाबरते. प्रस्ताव अजून शाळेतच आहे, मुख्याध्यापकांच्या टेबलावर. उद्या तिच्यासोबत मी जाणार आहे.